विरजण

रजिस्टरात माझ्याच अक्षरात आहे:
पहिलं वर्ष. खड्डे सहाशे, अंजन सहाशे, जिवंत एकोणीस.
दुसरं वर्ष. तेच खड्डे. जिवंत सात.
शेरा: उन्हाळा कडक.

शेरा खोटा नव्हता.
मे महिन्यात इथे लोखंडी घमेलं हातात धरवत नाही.
पण पलीकडच्या सोंडेवर, त्याच उन्हात,
जुने अंजन उभे होतेच की
खडकाच्या फटीत पाय घालून.

आमची टेकडी रस्त्याच्या मुरमासाठी खरवडलेली,
करपलेल्या पातेल्यासारखी.
पालच्या बाजारातून वर पाहिलं
की सुकी नदीच्या अंगाला आधी तीच दिसते.

रोपं मात्र देखणी. काळी पिशवी, शेणखत,
वर युरियाची चिमूट, दोन वेळा झारी.
इतकी लाडाची
की कुणाशी ओळख करून घ्यायची
त्यांना गरजच पडली नव्हती.

गुलशेर तडवी, आमचा चौकीदार,
मेलेलं रोप उपटून मूळ बोटावर घेऊन बघायचा.
तिसऱ्या वर्षी म्हणाला,
"ताई, दूध तर चांगलं तापवलंत.
विरजण कुठंय?"

दोन कोस चढलो. बुंध्याला दोघांची कव पुरेना
असा एक अंजन.
गुलशेरने पाचोळा सारला, खुरप्याने नाही, बोटांनी.
खाली माती गार. तिच्यात पांढरे तंतू,
शेवयांहून बारीक, कुठून निघाले कुठे गेले कळू नये असे.
"हेच?" मी विचारलं.
"हे त्यातले दिसणारे."

मी पिशवी उघडली, आणि तेवढ्यात
खाली गावात पहिला बल्ब लागला.
सावद्याची आई कानाशी बोलली:
दिवा लागला, आते इरजन देत नही.
हसूही आलं. गुलशेरला सांगितलं.
तो हसला नाही. "मग सकाळी मागू," म्हणाला,
आणि रिकामी पिशवी घेऊन आम्ही दोन कोस उतरलो.

सकाळी घेतली ती दर झाडाखालून मूठ. ओंजळ नाही.
उकरल्या जागी पाचोळा परत सारला
भांड्यावर झाकण ठेवावं तसा.

पुढे फैजपूरच्या कॉलेजातल्या मॅडमनी
एक मूळ उकळून शिरका आणि शाईत बुडवलं.
डोळा लावा, म्हणाल्या.
मुळाच्या एकेका पेशीत निळं झाड.
खोड, फांद्या, फांद्यांना फांद्या.
झाडाच्या पोटात एवढंसं झाड,
आणि ते त्या झाडाचं नव्हतंच.
पाहुणा म्हणावा, तर लांबून पाणी भरतो.
गडी म्हणावा, तर घरातली साखर खातो.
कोण कुणाचं किती देणं लागतं
याचं रजिस्टर कुठेच नाही.
मी शोधलं, सवयीने.

सगळी जगली असं नाही.
तिसरं वर्ष. जिवंत दोनशे अकरा.
काही शेळ्यांनी नेली, काही डुकरांनी उकरली,
बाकीच्यांपुढे मी शेरा लिहिला: माहीत नाही.
साहेबांनी त्याखाली लाल रेघ मारली.

जी जगली त्यांनीही काही दाखवलं नाही.
वीतभर शेंडा यायचा, उन्हाळ्यात जळायचा,
पुन्हा यायचा, पुन्हा जळायचा.
मी पट्टी घेऊन बसायचे.
गुलशेर म्हणायचा, वर काय मोजता,
खाली बोलणी चाललीत.

सातव्या वर्षी जामन्याकडून रुमली पावरा आली,
संगे तिची जाऊ, डोक्यावर रिकामी पाटी.
त्यांचीही एक टेकडी कुणीतरी खरवडलेली.
आमच्या अंजनाखाली, कमरेएवढ्या सावलीत, बसल्या,
पाचोळा सारला.
माती काळवंडली होती. गार होती.
मी हात घालायला वाकले
आणि चौकीवर दिवा लागला.

म्हटलं, राहा आज इथेच.
भाकरी खा. सकाळी देते.